महाराजांना सुशीला आवडते

लातूरला मी समुपदेशनाची खोली उघडली तेव्हा पाटी रंगवणाऱ्याला 'समुपदेशन' हा शब्द पाटीत बसवता येईना. त्यानं मला न विचारता 'सल्ला केंद्र' लिहून टाकलं. मग सुरुवातीला जी माणसं आली, त्यांना बांधावरची भांडणं मिटवून हवी होती. एका गृहस्थांनी पोरीसाठी आलेल्या स्थळांचे फोटो माझ्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि म्हणाले, "यातला कोणता करावा, तेवढं सांगा." मी म्हटलं, मुलीला विचारा. फोटो गोळा करत ते म्हणाले, "मग तुमच्याकडं कशाला आलो?"

प्रश्न रास्त होता. माझ्या कामात दाखवण्यासारखं काहीच नसतं. माणूस येतो, बोलतो. मी ऐकते, मधूनच एखादा प्रश्न विचारते. गोळी देत नाही. ती डॉक्टरनं द्यायची, आणि गरज दिसली तर मीच तिकडे पाठवते. सल्लाही देत नाही. तो आपल्याकडे घरोघरी फुकट मिळतो आणि तो ऐकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. लातूरला येण्याआधी बरीच वर्षं नांदेडच्या एका दवाखान्यात मी हेच करत होते. माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगत, "सूनबाई दवाखान्यात गप्पा मारायला जाते. वरून पगार देतात."

माझ्याकडे येणारे बहुतेक जण विशी-बाविशीतले. लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव, तेव्हा घरून निघताना सगळे परीक्षेचं टेन्शन हेच कारण सांगून निघतात. दार लावलं की वेगळंच बाहेर येतं. किनवटकडच्या वसतिगृहात वाढलेला एक मुलगा लातूरला आल्यावर खोटं आडनाव सांगू लागला होता, आणि आता खऱ्या आडनावानं कुणी हाक मारली की त्याचं लक्षच जायचं नाही. एकाला घरचे मुलगी समजत होते; त्यानं स्वतःसाठी निवडलेलं नाव पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं ते माझ्या खोलीत, आणि लगेच वळून दाराची कडी नीट लागलीय का ते पाहिलं. अशा पोरांचा मूळ प्रश्न एकच असतो. मी नक्की कोण आहे? शाळेत हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि शाळा सुटल्यावर उत्तर मात्र सगळ्यांना हवं असतं.

त्यातल्या एकाची गोष्ट मी त्याच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं आणि खाणाखुणा बदलल्या आहेत. त्याची अट एकच होती: "वाईट लिहिलं तरी चालंल मॅडम, फक्त 'तेजस्वी' लिहू नका."

तो आला त्या दिवशी आधी आत शिरले संगप्पा शेठ, डाळींचे ठोक व्यापारी. नमस्कार-चमत्कार काही नाही. त्यांनी खिशातून घडीचं पांढरं कापड काढलं, माझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अंथरलं, कोपरे नीट केले आणि दाराकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले. दारातून भगव्या वस्त्रातला एक सडपातळ मुलगा आत आला. बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोघी बायका उठून त्याच्या पाया पडल्या. त्यातली एक बाई कित्येक आठवडे माझ्यासमोर तोंड उघडायला तयार नव्हती. तिनं दारातच त्याला आपल्या नवऱ्यापासून मोतीबिंदूपर्यंत सगळं सांगून टाकलं. माझ्या एवढ्या वर्षांच्या अनुभवाचं तिथल्या तिथे भजं झालं.

"महाराज झोपेना गेलेत," शेठ म्हणाले. "जेवणावर वासना न्हाई. पट्टाभिषेक तोंडावर आलाय. तेवढं नीट करून द्या." मिक्सर दुरुस्तीला टाकावा तसा त्यांचा सूर होता.

निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या बाजूला एका गावात मठ आहे. तिथले थोरले महाराज थकले होते. त्यांच्यामागे गादीवर कुणी बसायचं हे मठानं केव्हाच ठरवून टाकलं होतं: हा मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला दीक्षा देऊन मठात आणलं होतं. आता बावीस वर्षांचा झाला, तर त्याला समारंभानं गादीवर बसवायचं होतं. मांडव ठरला होता, फलक छापले होते, मिरवणुकीला दोन उंट येणार होते.

मी शेठना बाहेर बसायला सांगितलं. ते म्हणाले, "महाराजांना एकटं सोडत नसतोत आम्ही."

"मग तुम्ही आत बसा, महाराज बाहेर थांबतील. बोलायला कुणीतरी एकच लागतं."

शेठ बाहेर गेले. मुलानं उठून खुर्चीवरचं कापड काढलं, घडी घातली आणि परत बसला. ते मला आवडलं.

"तुम्हाला काय म्हणू?" मी विचारलं.

"महाराज म्हणतात सगळे."

"तसं म्हटलं तर माझं बोलणंच पुढे जाणार नाही. आईवडिलांनी ठेवलेलं नाव काय?"

"मन्मथ," तो म्हणाला. मग म्हणाला, "अर्थ ठाऊक असंल तुम्हाला. कामदेव. आन मला केलंय ब्रह्मचारी."

आम्ही दोघंही हसलो, आणि त्याला हसताना स्वतःचंच आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं.

मग तो बोलायला लागला. लोक येतात, पाया पडतात आणि विचारतात. बोअर कुठं मारू, सोयाबीन आत्ता विकू का थांबू, सुनेला पोरगा कधी होईल. "मला काय कळतंय त्यातलं? पण गप्प बसलं की त्यांचं तोंड उतरतं. मग सांगतो कायतरी. एकाला म्हटलं, आंब्याच्या बाजूला मार बोअर. तर लागलं की पाणी."

"चांगलं झालं."

"कशाचं चांगलं? पुढच्या आठवड्यात सगळा तालुका दारात." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "तसा आपला धंदा एकच हाय मॅडम. तुम्ही सांगत न्हाईत, मी सांगतो, एवढाच फरक."

मी टेबलावरची वही उगाचच सरळ केली.

झोपेचं विचारलं तेव्हा मात्र त्याची थट्टा संपली. "पडलो की वाटतं, हे कपडे काढून ठेवले, हे नाव काढून ठेवलं, तर खाली कोण हाय? शोधतो तर कुणीच सापडत न्हाई. मग छातीत धडधड सुरू होते. आठ वर्षाचं पोरगं हुतं एक, त्याला कुठंतरी ठिवलं आन जागा इसरलो, असं वाटतं."

'मी कोण' हा प्रश्न अंगावर असा आला की त्याला समोरून भिडून काही होत नाही. मोठे मोठे लोक त्यात जन्म घालवून बसले आहेत, आणि माझ्याकडे एका बैठकीला पाऊण तास असतो. म्हणून आम्ही खालून सुरुवात करतो. मी विचारलं, "तुला खायला काय आवडतं?"

त्याला सांगता येईना. मठात देतात ते खायचं, भक्तांच्या घरी वाढतात ते खायचं. आणि भक्तांच्या घरी एकच पदार्थ: हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची गुळातली खीर. ज्या घरी जाईल तिथे हुग्गी. दिवसातून चार घरी गेला तर चार वेळा. बराच वेळ विचार करून तो दाराकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाला, "मला गोड आवडत न्हाई." लोक माझ्याकडे येऊन लग्नाबाहेरच्या भानगडी सांगतात, तेव्हाही आवाज इतका खाली आणत नाहीत.

मी त्याला घरचा अभ्यास दिला. रोज एक गोष्ट स्वतः निवडायची. कितीही लहान चालेल, फक्त ती दुसऱ्या कुणी ठरवलेली नको.

यात काही गडबड होण्यासारखं होतं असं मला वाटलं नव्हतं. परतीच्या वाटेवर त्यानं गाडी थांबवायला लावून एका हॉटेलात सुशीला खाल्ली. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: चुरमुरे भिजवून, पिळून, त्याला कांदा-मिरचीची फोडणी दिली की ती सुशीला. आमच्याकडचा सकाळचा नाश्ता. त्याला ती इतकी आवडली की मठात पोचल्यावर त्यानं स्वयंपाक्याला सांगितलं, "उद्यापासून मला हुग्गी नको. मला सुशीला आवडते."

स्वयंपाक्याला बरोबर कळलं. पण पडवीत बसलेल्या दोघातिघांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं, आणि दिवेलागणीपर्यंत ते गावभर झालं. महाराजांना सुशीला आवडते. गावात त्या नावाची एकच बाई होती, अंगणवाडीतल्या मदतनीस, निवृत्तीला टेकलेल्या. त्या नंतर बरेच दिवस तोंडाला पदर लावून हसत होत्या म्हणे. त्या नाहीत म्हटल्यावर गावानं हिशोब मांडला. महाराज गेले होते कुठं? लातूरला. कुणाकडं? त्या सल्ला केंद्रवालीकडं. म्हणजे सुशीला मीच. माझं नाव सुशीला नाही, आणि वय सांगत नसले तरी मन्मथची आजी म्हणून मी खपून जाईन. पण एवढी चौकशी करायला वेळ कुणाला होता?

शेठनी रागारागानं फोन करून गावातलं सगळं बोलणं एका दमात माझ्या अंगावर टाकलं. मी सुशीलाचा खुलासा केला. मग ते म्हणाले, "चुरमुऱ्याची?"

"चुरमुऱ्याचीच."

"मग तसं सांगायचं की आधी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पण अफवा तोपर्यंत मन्मथच्या आईपर्यंत गेली होती. दुसऱ्या दिवशी मन्मथ माझ्याकडे आला होता, तेवढ्यात ती निलंग्याहून एसटीनं येऊन थेट आत शिरली. बारकी, काटक बाई. आत येताच तिनं आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिची काळजी मिटली. ती इतकी चटकन मिटली की मला थोडा रागच आला.

मग ती वाकली आणि स्वतःच्या मुलाच्या पाया पडली.

त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "नको ना," तो म्हणाला.

"महाराज, लोक काय काय बोलायलेत," ती म्हणाली. "तुमचं काय चुकत असंल तर..." ती मुलाला अहो-जाहो करत होती. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, दीक्षेच्या दिवशी मठाच्या मंडळींनी तिला आणि त्याच्या वडिलांना त्याच्या पाया पडायला लावलं होतं. आठ वर्षांचं पोर घाबरून तिचा पदर धरायला आलं, तर कुणीतरी हात सोडवला. "तवापासून मी त्यांना अरे म्हटलं न्हाई. म्हणायचं नसतं."

मन्मथ खुर्चीखाली ओढलेल्या पायांकडे बघत होता. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. अशा वेळी आम्ही समुपदेशक चहा मागवतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण सगळे करतात. चहा आला. मन्मथनं आईकडे बघतच कप उचलला आणि गरम चहा त्याच्या मांडीवर सांडला.

"मन्या, नीट धर की रं," आई म्हणाली आणि पदरानं त्याची मांडी पुसायला लागली. "भाजलं का? बघू. कधी धड एक काम करशील तर."

पुसता पुसता तिला कळलं आपण काय बोललो, आणि तिचा हात थांबला. मन्मथ रडायला लागला. आवाज न करता, तोंड उघडं टाकून, लहान मुलं रडतात तसा. ती पुसत राहिली. चहा केव्हाच पुसून झाला होता.

त्या आठवड्यात त्यानं थोरल्या महाराजांपुढे जाऊन सांगितलं, मला एवढ्यात गादीवर बसायचं नाही. मला आधी बाहेर राहून बघायचंय. आकांत होईल असं मला वाटलं होतं. थोरले महाराज एवढंच म्हणाले, "जा. बघून ये." आकांत इतरांनी केला. वडिलांनी बोलणं टाकलं. उंटवाल्याला नाही म्हणावं लागलं, आणि ते शेठना सगळ्यात जास्त लागलं.

मन्मथ नांदेडला गेला आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दोन पोरांबरोबर खोली घेऊन राहिला. एका मेसच्या गल्ल्यावर बसायचा आणि बाहेरून बीएचा अभ्यास करायचा. दर आठवड्याला फोनवर आमचं बोलणं व्हायचं. पहिल्याच दिवशी सिटी बसमध्ये तो सवयीनं नुसता उभा राहिला, कुणीतरी उठून जागा देईल म्हणून. कुणी उठलं नाही. एक बाई म्हणाली, "सरक की तिकडं, दारात काय देवासारखा उभारलास?" हे सांगताना तो इतका खूश होता की त्याला कुठला पुरस्कार मिळाला असं वाटावं. त्याला शर्टाचं माप माहीत नव्हतं. रस्ता ओलांडता येत नव्हता. भरतीवाली पोरं पहाटे धावायला उठवत तेव्हा तो चिडायचा, आणि मला फोनवर अभिमानानं सांगायचा, "मॅडम, आज लई चिडलो." झोप मात्र लागायला लागली होती.

सगळं छान झालं असं नाही. पुढे पुढे त्याला एकटेपणा खायला लागला. "तिथं मी म्हणंल ते खरं हुतं, हितं माझ्याकडं कुणी बघतबी न्हाई," तो म्हणाला. "आन मला ते आवडायचं की काय, असं वाटायलंय. लाज वाटायली." मी म्हटलं, आवडत असेल. त्यात एवढं काय? हे त्यानं स्वतःबद्दल शोधून काढलेलं पहिलं खरं, आणि ते त्याला फारसं आवडलं नव्हतं.

इकडे संगप्पा शेठ एकदा माझ्याकडे आले. या वेळी कापड नव्हतं. तसेच खुर्चीवर बसले. शेठ वाईट माणूस नव्हते. "मॅडम," ते म्हणाले, "आमच्या तीन पिढ्या त्या मठाची माणसं म्हणून वळखल्या जातात. गादीच रिकामी राहिली तर आम्ही कुणाचे मग?" मी त्यांना चहा पाजला. ते जाताना म्हणाले, "तुमच्याकडं इलाज नसल तर आम्ही बघतो."

त्यांनी बघितलं. देगलूरकडच्या एका घरातला मुलगा त्यांनी ठरवला. वय सात. हे मन्मथला आईकडून कळलं. त्यानं मला फोन केला, आणि या वेळी चिडलोय हे त्याला सांगावं लागलं नाही. "माझी जागा मी सोडली, म्हणजे त्यात दुसरं पोरगं भरायचं? खड्ड्यात मुरूम टाकल्यावाणी?" मग म्हणाला, "तुम्ही या मठात. बोलू नका. नुसत्या बसा."

आमच्या कामात असं कुणाच्या गावाला जायचं नसतं. मी गेले. बायकांच्या बाजूला, मन्मथच्या आईशेजारी बसले. काही बायका माझ्याकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. सुशीला आली होती ना.

समोर लाकडी पाटावर थोरले महाराज बसले होते, अंगानं वाळलेले, डोळे मिटलेले. त्यांच्यासमोर ते पोर, नव्या कोऱ्या भगव्या कपड्यात. कपडा मोठा होता म्हणून कंबरेला गुंडाळून खोचला होता. त्याची आई मागे बसलेली. शेठ उभे होते. मन्मथ शर्ट-पँटमध्ये आला तशी कुजबुज झाली. तो कुणाच्या पाया पडला नाही. सरळ जाऊन त्या मुलाशेजारी जमिनीवर बसला.

"नाव काय तुझं?"

"शिवराज."

"तुला हितं राहायचंय का?"

पोरानं मागे आईकडे बघितलं.

"आईकडं बघू नको. तुला इचारलंय."

पोरानं विचार केला. "गॅदरिंगला माझा डान्स हाय," तो म्हणाला. "मी मोर हाय."

लोक हसले. शेठही हसले आणि म्हणाले, "लेकरं काहीबी बोलतात."

"बोलतात शेठ," मन्मथ म्हणाला. "मला कुणी इचारलंच न्हाई. न्हाईतर मीबी कायतरी बोललो असतो." मग तो थोरल्या महाराजांकडे वळला. "महाराज, मी मठाचं काम सोडत न्हाई. आपल्या मठाचं वसतिगृह बघतो, पोरांचा अभ्यास बघतो. झाडलोट सांगा, करतो. पण गादीवर लेकरू बसवू नका. ज्याला बसायचं त्याला मिशा फुटू द्या, त्याला स्वतःहून मागू द्या. तवर गादी रिकामी राहिली तर राहू द्या."

शेठ काही बोलायला पुढे झाले. थोरल्या महाराजांनी डोळे न उघडताच हात वर केला. "बेडा," ते कानडीत म्हणाले. म्हणजे नको.

मग ते बोलू लागले, पण कुणाशी बोलत आहेत हे कळेना. "मला हितं आणलं तेव्हा मी नऊ वर्षाचा होतो. त्या दिवशी आमी पोरं विहिरीवर पोहायला जाणार होतो. ती सगळी माझ्यासाठी थांबली होती." त्यांनी डोळे उघडले. "किती वेळ थांबली असतील?"

त्यांनी शिवराजच्या आईला जवळ बोलावलं. "याला घेऊन जा, बाई," ते म्हणाले. "मोर होऊ दे त्याला."

ती बाई तिथेच रडायला लागली. तोवर तिला वाटत होतं की आपण खूप भाग्यवान आहोत. शिवराजनं कंबरेचा खोचा सोडून तो कपडा तिथेच काढून ठेवला आणि चड्डी-बनियनवर बाहेर पळाला.

माझ्या कामात शेवट कधी कळत नाही. माणूस यायचा बंद होतो. बरा झाला म्हणून की माझा कंटाळा आला म्हणून, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. मन्मथचे फोनही हळूहळू थांबले. मी निवृत्त झाल्यावर एकदा निलंग्याला लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून मठात डोकावले. थोरले महाराज गेले होते. गादी रिकामी होती, रोज पुसली जात होती. मन्मथ वसतिगृहाचं काम बघत होता आणि मी पोचले तेव्हा नळ उघडा ठेवल्याबद्दल चार पोरांना झापत होता. वडील अजून बोलत नाहीत, त्यानं सांगितलं. आई घरात अरे म्हणते, चारचौघांत महाराज म्हणते. "दोन्हीला ओ देतो," तो म्हणाला. "पुढं काय करायचं ते अजून ठरलं न्हाई. कधीमधी परत धडधडतं छातीत."

मी काही सल्ला दिला नाही.

आम्ही फाटकाशी बोलत उभे होतो तेवढ्यात एक म्हातारी एसटीतून उतरून, डोक्यावर पिशवी घेऊन आली. तिनं पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या पाया पडायला वाकली. तो चटकन बाजूला झाला.

"आजी, मी तो न्हाई आता."

म्हातारीनं कपाळावर हात धरून त्याला निरखलं. "मग कोण हायस?"

"बघायलोय, आजी."

"बघ निवांत," म्हातारी म्हणाली. "तवर ही पिशवी घे. मला माळावरच्या वस्तीला जायचंय, गुडघा लई दुखायलाय."

त्यानं पिशवी खांद्यावर टाकली आणि तिच्या पावलाला पाऊल जुळवत चालायला लागला.